गोळीच्या पाकिटात मराठीत एक कागद घाला

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
आणि मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य

विषय: रक्ताच्या कॅन्सरवरची इमॅटिनिब ही गोळी घेणाऱ्या गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं, टीबीचे आणि लिव्हर-किडनीचे रुग्ण यांच्याबाबत

महोदय,

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. एकोणीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. हे पत्र लिहायला चार वर्षं उशीर झालाय, म्हणून आधी त्या दिवसाचं सांगते.

पावसाळ्याचे दिवस होते. चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी दुकानात आली. ओळखीची होती, कारण दर महिन्याला ती इमॅटिनिब ४०० च्या तीन स्ट्रिप न्यायची. त्या दिवशीही तिनं चिठ्ठी पुढे केली, मी स्ट्रिप काढून दिल्या. ती मात्र जाईना. दुकानातली दोन माणसं बाहेर पडेपर्यंत थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, “ताई, पाळी चुकल्यावर बघायचं असतंय ना, ते एक द्या.” मी किट दिलं. तीन स्ट्रिप आणि ते किट एकाच कागदी पिशवीत घातलं, तोंड दुमडलं, सुटे पैसे परत केले. रात्री शटर ओढून हिशेब लिहायला बसले तेव्हा त्या दोन नोंदी एकाखाली एक दिसल्या आणि हातातलं पेन थांबलं.

इमॅटिनिब गरोदरपणात चालत नाही, हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पान भरून लिहिलं असतं. पण गिऱ्हाइकासमोर ते सुचलं नाही. सुचावं अशी व्यवस्थाच आपल्याकडे नाही, आणि या पत्राचं कारण तेच आहे.

ही गोळी काय आहे ते आपल्या कार्यालयात माहीत असणारच, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात सांगते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं एक बिघडलेलं प्रथिन तयार होतं आणि ते अस्थिमज्जेला पांढऱ्या पेशी बनवतच राहायला लावतं. इमॅटिनिब नेमकं त्या प्रथिनात जाऊन बसतं आणि त्याचं काम बंद पाडतं. १० मे २००१ रोजी अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्याआधी या रुग्णांपुढे अस्थिमज्जा बदलणं किंवा इंटरफेरॉनची इंजेक्शनं हेच मुख्य मार्ग होते. नव्यानं आजार सापडलेल्यांवर जी मोठी चाचणी झाली, तिच्यात इमॅटिनिबनं सुरुवात केलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के दहा वर्षांनंतरही हयात होते. कॅन्सरच्या औषधाबद्दल असं वाक्य लिहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि मी ते आनंदानं लिहितेय.

आपल्या देशात ती गोरगरिबांपर्यंत पोचली त्याचाही इतिहास आहे. मूळ कंपनीची गोळी महिन्याला सुमारे सव्वा लाखाला पडायची, तेव्हा भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) वर बोट ठेवून नोव्हार्टिस या मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळी टिकली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

म्हणजे गोळी गावापर्यंत आली. पण तिच्याबरोबर जी माहिती यायला हवी होती, ती मोठ्या शहरातच राहिली.

हा रुग्ण वॉर्डात नसतो, हे आपण आधी लक्षात घ्या. तो घरी असतो. सकाळी जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासोबत एक गोळी घेतो आणि शेतात, दुकानात, शाळेत जातो. तीन महिन्यांनी रात्रीची गाडी पकडून मुंबईला दाखवून येतो. मधल्या नव्वद दिवसांत त्याला ताप येतो, खोकला होतो, नायटा होतो, दात दुखतो, दिवस राहतात. ते सगळं तालुक्यात निस्तरलं जातं. तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘इमॅटिनिब चालू आहे’ ही ओळ नसते, कारण कुणी विचारलेलं नसतं आणि रुग्णानं सांगितलेलं नसतं. कॅन्सर हा शब्द गावात कुणाला सांगायचा नसतो. माझ्याकडून स्ट्रिप नेणारे कितीतरी जण खोका इथेच टाकून जातात.

त्यात ‘टार्गेटेड’ या शब्दानं एक गैरसमज केलाय. नेम धरून मारणारी गोळी, म्हणजे बाकी शरीराला काही होत नाही, असं रुग्ण समजतात, आणि खरं सांगायचं तर आमच्यातलेही काही समजतात. पण इमॅटिनिब बीसीआर-एबीएलबरोबर आणखी काही प्रथिनांनाही अडवतं. पीडीजीएफआर आणि किट ही त्यातली दोन. पोटातल्या बाळाची घडण आणि वाढत्या मुलाची हाडं यांना या प्रथिनांची गरज असते. गोळीचा उपयोग जिथून होतो, तिथूनच हा धोकाही येतो.

आता त्या मुलीकडे येते. ती पुन्हा दुकानात आली ती थेट दोन महिन्यांनी. चेहरा उतरलेला, बरगडीखाली डाव्या बाजूला जड वाटतंय म्हणत होती. दिवस गेले होते. “शेजारच्या काकू म्हणल्या, पोटात लेकरू असताना ती गोळी खाऊ नये. मग मी बंदच केली.” काकूंचं अर्धं बरोबर होतं, आणि त्या अर्ध्या बरोबरनं काय होतं ते तिच्या रक्ताच्या रिपोर्टवर दिसत होतं. पांढऱ्या पेशी पुन्हा लाखाच्या वर गेल्या होत्या. बाळाचे अवयव ज्या आठवड्यांत घडतात त्यातले पहिले काही आठवडे गोळी पोटात जातच होती. त्यानंतर गोळी थांबली तेव्हा आजाराला अडवायला काहीच उरलं नव्हतं. दोन्ही धोके तिच्याच वाट्याला आले. मुंबईला पाठवलं, तिथे इंटरफेरॉन सुरू झालं, सोनोग्राफ्या झाल्या. मुलगी झाली, धडधाकट झाली, आता अंगणवाडीत जाते. दुकानात आली की बरणीतली खाऊची गोळी मागते.

हे सुखाचं झालं म्हणून मी गप्प बसू शकत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात इमॅटिनिब घेत असताना दिवस राहिलेल्या १८० बायकांची नोंद आहे. त्यातल्या १२५ जणींचं पुढे काय झालं ते कळलं. निम्म्या जणींना निरोगी बाळं झाली. २८ टक्के जणींनी गर्भपात करून घेतला. बारा बाळांमध्ये व्यंग आढळलं, आणि त्यातल्या तिघांमधले दोष एकमेकांशी इतके जुळणारे होते की ते योगायोगानं झाले म्हणणं अवघड आहे. निम्म्या बायकांचं चांगलं झालं हे खरंय. पण कोणती बाई कोणत्या निम्म्यात पडणार हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न परदेशापेक्षा मोठा आहे. तिकडे सीएमएल साधारण साठीच्या आसपास सापडतो. आपल्याकडे तिशी-चाळिशीत. म्हणजे आपल्या रुग्णांत लग्नाच्या, मुलाबाळांच्या वयाच्या बायका खूप असतात. त्यांना गोळी सुरू करतानाच सांगायला हवं की गोळी चालू असेपर्यंत आणि शेवटच्या गोळीनंतर किमान दोन आठवडे खात्रीचं गर्भनिरोधन हवं. अंगावर पाजणाऱ्या आईनं या काळात पाजू नये, कारण औषध दुधात उतरतं. अमेरिकेतलं माहितीपत्रक शेवटच्या गोळीनंतर एक महिना थांबायला सांगतं. आणि मूल हवंच असेल तर ते आधी बोलायचं. आजार बराच काळ खोलवर आटोक्यात असेल, तर तज्ज्ञ डॉक्टर गोळी ठरवून थांबवतात, रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलंय ते मोजणारी पीसीआर तपासणी वरचेवर करत राहतात आणि त्या मोकळ्या काळात दिवस राहू देतात. असं करून आई झालेल्या बायका आहेत. लपवलं की मात्र हा रस्ताच बंद होतो.

यातली खरी अडचण औषधशास्त्राची नाही. हे बोलायचं कुणी? नवऱ्यासमोर बोलायचं की सासूसमोर? ओपीडीत पंधरा माणसं मागे उभी असताना सूनबाईला ‘गर्भनिरोधक कोणतं वापरता’ असं विचारलं तर ती काय उत्तर देणार? तिला बाजूला घेऊन, दार लावून, बाई माणसानंच हे सांगितलं पाहिजे. आणि तो खर्च सरकारनं उचलला पाहिजे.

तरुण मुलांबद्दलही एक ओळ. लग्न ठरलं की कितीतरी मुलं मनानंच गोळी बंद करतात, बाळात दोष येईल म्हणून. वडील इमॅटिनिब घेत असताना झालेल्या मुलांमध्ये व्यंगाचं प्रमाण वाढलेलं आजवरच्या नोंदींत दिसलेलं नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारावं, पण आपणहून गोळी सोडू नये. लग्नाच्या धामधुमीत आजार परत आलेला मी पाहिलाय.

दुसरी गोष्ट टीबीची. ती लिहिताना अजून राग येतो.

ऊसतोडीला जाणारा एक माणूस. सहा वर्षं इमॅटिनिबवर होता आणि सगळं नीट चाललं होतं. खोकला हटेना म्हणून बेडका तपासला, टीबी निघाला, औषधं सुरू झाली. ती सुरू व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तीन-चार महिन्यांनी तो मुंबईला तपासणीला गेला तर बीसीआर-एबीएलचा आकडा चढलेला. तिथे त्याला ऐकवलं गेलं की तुम्ही गोळ्या बुडवता. परत आल्यावर त्याची बायको माझ्या दुकानात आली. हातात प्लास्टिकची पिशवी. तिनं ती काउंटरवर उपडी केली. रिकाम्या स्ट्रिपा, दहा-दहाच्या, प्रत्येक महिन्याच्या वेगळ्या दोऱ्यानं बांधलेल्या. “मोजा ताई. एक बी बुडवली नाही त्यांनी.” मी मोजल्या. एकही बुडवलेली नव्हती.

टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं. लघवी तांबडी-नारिंगी करतं तेच. ते यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) इतकं कामाला लावतं की इमॅटिनिब रक्तात टिकतच नाही. ज्यांनी हे मोजलं त्यांना रिफाम्पिसिनचे काही दिवसांचे डोस झाल्यावर इमॅटिनिबची रक्तातली एकूण मात्रा जवळजवळ तीन चतुर्थांशानं घटलेली दिसली. तो माणूस रोज चारशेची गोळी गिळत होता आणि अंगाला लागत होती शंभराएवढी. म्हणून शक्यतो ही दोन औषधं एकत्र देऊ नयेत असं माहितीपत्रक सांगतं. द्यावीच लागली तर इमॅटिनिबची मात्रा किमान निम्म्यानं वाढवून रक्ताच्या तपासण्यांवर बारीक लक्ष ठेवायचं. रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन देता येईल का, हेही तज्ज्ञ पाहतात. यातलं काहीही घरी किंवा माझ्यासारखीनं ठरवायचं नाही, आणि टीबीची औषधं तर मधेच सोडायचीच नाहीत. दोन डॉक्टरांचं एकमेकांशी एक फोनवर बोलणं झालं असतं तर पुरलं असतं.

टीबीच्या रुग्णाची नोंद करताना आपण मधुमेह विचारतो, एचआयव्ही तपासतो, तंबाखू विचारतो. त्याच कागदावर आणखी एक प्रश्न घाला: ‘कॅन्सरची किंवा रोजची दुसरी कोणती गोळी चालू आहे का?’ महाराष्ट्रात टीबी किती आहे ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

उलट्या दिशेनंही हे घडतं. गेली काही वर्षं गजकर्ण-नायट्यानं गावंच्या गावं हैराण आहेत आणि इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल महिना-महिना चालतात. ते औषध यकृतातल्या त्याच विकरांना थंड करतं, मग इमॅटिनिब अंगात साचायला लागतं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं तेच. ग्रेपफ्रूटचा रसही वर्ज्य आहे. ते फळ आपल्याकडे फारसं कुणी खात नाही, पण ज्याच्या वंशातून ते आलं ते पपनस कोकणातल्या घरांत गणपतीत असतंच, तेव्हा तेही टाळलेलं बरं. कोलेस्टेरॉलवरच्या सिमव्हास्टॅटिनची रक्तातली मात्रा इमॅटिनिबमुळे दोन ते साडेतीन पट होते. रक्त पातळ करायला वॉरफॅरिन चालू असेल तर डॉक्टर बहुधा हेपारिनच्या इंजेक्शनवर नेतात. ताप आला म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्या उठसूट खाऊ नयेत. पेशंटनं ही सगळी यादी पाठ करावी अशी अपेक्षा कुणीच करू नये. त्यानं एकच वाक्य पाठ करावं: “मी इमॅटिनिब घेतो, हे औषध तिच्यासोबत चालतं का?”

म्हाताऱ्या माणसांचं दुखणं वेगळं आहे. या गोळीनं अंगात पाणी साठतं. डोळ्यांखाली सूज येते, सकाळी जास्त. पासष्टीच्या वरच्यांत ही सूज अधिक दिसते असं चाचण्यांतच नोंदलेलं आहे. ज्याचं हृदय आधीच कमकुवत आहे त्याला ते पाणी जड जाऊ शकतं. एक आजोबा माझ्याकडे पायताण हातात घेऊन यायचे, पायात चढत नाही म्हणून. वय झालं की पाय सुजायचेच, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी त्यांना दर सोमवारी दुकानातल्या काट्यावर उभं करायला लागले आणि वजन त्यांच्या चिठ्ठीच्या मागे लिहायला लागले. तिसऱ्या सोमवारी साडेतीन किलो वाढ दिसली, तेव्हा ती चिठ्ठी घेऊन मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. वजनकाटा प्रत्येक उपकेंद्रात आहे. आठवड्याला एकदा वजन लिहून ठेवायला काही खर्च येत नाही.

गिळता येत नसेल तर ही गोळी पाण्यात विरघळवून लगेच पिता येते. चारशेच्या गोळीला साधारण २०० मिली पाणी. ती कुटून पूड करू नये आणि पूड हाताला लागू देऊ नये. घरात हे काम कोण करतं? सून. ती गरोदर असेल तर तिच्या हाती हे काम देऊ नये, हे त्या घरात जाऊन कुणी सांगितलंय?

लहान मुलांची मात्रा अंगाच्या क्षेत्रफळावर ठरते, चौरस मीटरला ३४० मिलिग्रॅम, आणि दिवसाला सहाशेच्या वर नाही. मूल वाढतं तसा तो हिशेब बदलतो, म्हणून जुन्याच चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या नेणं बरोबर नाही. शिवाय या गोळीनं मुलांची उंची खुंटू शकते, वयात येण्याआधी सुरू झाली तर विशेष. गोळी सोडायची नाही, पण उंची मोजून लिहून ठेवायची म्हणजे डॉक्टरांना वेळेत कळतं. एका मुलाच्या आईनं घराच्या चौकटीवर कोळशानं रेघा ओढल्या आहेत. तपासणीला जाताना ती रेघांचा फोटो काढून नेते. शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणी होतेच. अशा मुलाची उंची तिथे सहा महिन्यांनी मोजून दिली तर त्या माउलीला कोळसा हातात घ्यावा लागणार नाही.

बी प्रकारची कावीळ अंगात दबून असलेल्यांमध्ये या जातीच्या औषधांनी ती पुन्हा उसळल्याचे प्रकार घडले आहेत. २०१६ मध्ये युरोपातल्या औषध नियामकांनी तसा इशारा दिला. म्हणून गोळी सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बीची तपासणी व्हायला हवी. ती स्वस्त आहे आणि तालुक्याला होते. यकृत फार खराब असेल तर मात्रा कमी करावी लागते, किडनीचं काम मंदावलं असेल तरीही. त्यात वरून कुणी काढा, भस्म सुरू केलं तर तेही डॉक्टरांना कळलं पाहिजे. थायरॉइड काढून टाकलेल्या आणि त्याची गोळी घेणाऱ्या रुग्णांची टीएसएच तपासणी वरचेवर हवी, कारण इमॅटिनिबनं त्या थायरॉइडच्या गोळीची मात्रा अपुरी पडू शकते. हा मुद्दा तर मी कुणाच्याच तोंडून ऐकलेला नाही.

आणि माझ्या व्यवसायबंधूंसाठी एक. इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब ही सीएमएलवरच्या गोळ्यांची नावं एका घरची वाटतात. रीत मात्र एक नाही. इमॅटिनिब जेवणाबरोबर घ्यायची. निलोटिनिब उपाशीपोटी, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही न खाता, कारण अन्नासोबत ती रक्तात जास्त चढते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. डॅसॅटिनिबवर असलेल्याला पित्ताची ओमेप्राझोल, पँटोप्राझोल देऊ नये, गोळी अंगी लागत नाही. पित्ताच्या गोळ्या आपण चिठ्ठीशिवाय किती सहज देतो, ते आठवून पाहा.

आता मागणी. मी मोठं काही मागत नाही.

या गोळीच्या प्रत्येक पाकिटात मराठीत एक पानी कागद हवा. माझ्याकडे येणाऱ्या पाकिटांत माहितीपत्रक असलं तर इंग्रजीत असतं, मुंगीएवढ्या अक्षरात, आठ घड्या घालून. तो मराठी कागद टाटा मेमोरियलसारख्या संस्थेतल्या तज्ज्ञांनी तपासावा आणि आपण छापावा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून किंवा सरकारी दवाखान्यातून औषध मिळणाऱ्याला तो हातात देऊन वाचून दाखवावा. वाचता न येणाऱ्यांसाठी आवाज हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या तीनशे ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. त्यात बॅच आणि मुदत कळते. तसाच कोड मोबाइलनं स्कॅन केला की मराठीत कुणीतरी बोलावं.

रुग्णाच्या खिशात मावेल असं एक जाड कार्ड हवं. औषधाचं नाव, मात्रा, कुठल्या दवाखान्यात उपचार चालू आहेत, तिथला फोन. कार्डावर कॅन्सर हा शब्द मोठ्या अक्षरात नको. बाई ते पर्समध्ये ठेवेल असं असावं.

टीबीच्या नोंदीत आणि गरोदरपणाच्या नोंदीत तो एक प्रश्न हवा, आणि आशाताईंना तो का विचारायचा हे सांगितलेलं हवं. बारा आठवड्यांनी नाव नोंदवताना विचारून उशीर झालेला असतो. आशाताईला नवविवाहितेचं घर आधीच ठाऊक असतं. तिथेच विचारता येईल.

आणि आम्हा औषध विक्रेत्यांना वर्षातून एक दिवस बोलावून शिकवा. दुष्परिणाम कळवायला १८००-१८०-३०२४ हा केंद्राचा मोफत क्रमांक आहे. माझ्या तालुक्यातल्या किती दुकानांत तो भिंतीवर लावलेला आहे, ते आपल्या निरीक्षकांना एकदा बघायला सांगा. परवाना आणि फ्रीजचं तापमान ते दरवेळी बघतातच.

तोपर्यंत मी माझ्यापुरतं केलंय. गेल्या तीन वर्षांपासून एक कागद हातानं लिहून झेरॉक्स काढते आणि इमॅटिनिबच्या स्ट्रिपांना रबरानं बांधून देते. वरच्या ओळीत लिहिलंय, “दिवस राहिले असं वाटलं तर गोळी स्वतः बंद करू नका, त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा.” त्याखाली टीबी, नायटा, सूज, वजन, उंची, कावीळ. खाली माझा नंबर. त्या मुलीनं एकदा तो वाचला आणि वरची ओळ बोटानं दाखवून म्हणाली, “हे मला तवाच सांगितलं असतं तर.” मी काही बोलू शकले नाही.

त्या कागदाची एक प्रत सोबत जोडली आहे. त्यात काही चुकलं असेल, राहिलं असेल, तर तज्ज्ञांकडून दुरुस्त करून लाल पेनानं खुणा करून मला परत पाठवा. माझ्याकडच्या प्रती संपत आल्या आहेत आणि एक तारखेला पुन्हा झेरॉक्स काढायच्या आहेत.

आपली नम्र,
एक औषध विक्रेती,
जिल्हा लातूर